हक्काचा मतदार

रायपूर शहरात निवडणुकीचे दिवस जवळ आले की एक प्रश्न ठरल्यासारखा ऐकू येऊ लागतो. सदर बाजारातल्या पेढ्यांवर, जयस्तंभ चौकाच्या आसपासच्या चहाच्या दुकानांत, वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आणि पक्षकार्यालयांतल्या बंद खोल्यांत तो विचारला जातो. कोणता पक्ष सत्तेवर आहे यावर त्या प्रश्नातले पक्षाचे नाव तेवढे बदलते. प्रश्न तोच राहतो. अमुक पक्षाचा हक्काचा मतदार या खेपेस त्याच्यापासून सुटतो आहे काय? विचारणारे तो भाकिताच्या ओढीने विचारतात आणि निकाल लागला की विसरून जातात. तथापि या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो निकालाने सुटत नाही. मतदार कोणाचा असू शकतो काय? आणि असलाच, तर तो सुटून गेल्यावर कोणी कोणाचा विश्वासघात केला असे म्हणावयाचे?

छत्तीसगढचा अलीकडचा इतिहास या प्रश्नाच्या विचाराला फार उपयोगी पडण्यासारखा आहे. २०२३ सालच्या फेब्रुवारीत काँग्रेसचे पंच्याऐंशीवे महाधिवेशन नवा रायपूर येथे भरले. राज्य पक्षाच्या हातात होते, आणि तेही ऐसपैस बहुमताने. २०१८ साली नव्वदांपैकी अडुसष्ट जागा त्याने जिंकल्या होत्या. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्य आणि स्त्रिया यांना पक्षसंघटनेत अर्ध्या जागा देण्याचा निर्णय याच अधिवेशनात झाला. म्हणजे ज्यांना पक्ष आपला गाभा मानीत होता त्यांच्याकडेच त्याने पुन्हा एकदा तोंड वळविले होते. नऊ महिन्यांनी, ३ डिसेंबर रोजी मतमोजणी झाली तेव्हा पक्षाच्या पदरात पस्तीस जागा होत्या आणि भारतीय जनता पक्षाकडे चोपन्न. दुसऱ्या दिवसापासून स्पष्टीकरणे सुरू झाली, आणि त्यांतले सर्वांत सोपे स्पष्टीकरण हेच होते की गाभ्याचा मतदार गेला.

आकडे मात्र असे सरळ सांगत नाहीत. २०१८ साली काँग्रेसला त्रेचाळीस टक्क्यांच्या किंचित वर मते होती. २०२३ साली ती बेचाळीस टक्क्यांच्या किंचित वर राहिली. एका टक्क्याचाही पुरता फरक नाही. मतांचा प्रत्यक्ष आकडा तर साडेचार लाखांनी वाढलाच. उलट भाजपची मते तेहतीस टक्क्यांवरून सेहेचाळीस टक्क्यांच्या वर गेली. ही वाढ आली कोठून? २०१८ साली अजित जोगी यांचा जनता काँग्रेस छत्तीसगढ आणि बहुजन समाज पक्ष यांनी मिळून साडेअकरा टक्क्यांच्या आसपास मते घेतली होती. पाच वर्षांनी ती सव्वातीन टक्क्यांवर आली. इतर लहान पक्ष आणि अपक्ष यांचीही मते आटली. हिशेब वरवर जुळतो. जोगी हे राज्याचे पहिले मुख्यमंत्री. २०१६ साली त्यांनी काँग्रेस सोडून आपला पक्ष काढला, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेल्यांत जुन्या काँग्रेसच्या घरातलेच पुष्कळजण होते. २०२० साली जोगी वारले. मग असे म्हणावे काय, की घर सोडून ओसरीवर येऊन बसलेले हे लोक परत आत न जाता पलीकडच्या घरात गेले?

तसेही म्हणता येत नाही. कारण जांजगीर-चांपा भागात, जेथे बहुजन समाज पक्षाची मुळे जुनी आहेत, तेथे २०२३ साली सहाच्या सहा जागा काँग्रेसने जिंकल्या. पामगढ आणि जैजैपूर या बसपच्या दोन्ही जागा तिच्याकडे आल्या. आणि त्याच निवडणुकीत उत्तरेकडे सरगुजा विभागात, जेथे पाच वर्षांपूर्वी चौदापैकी चौदा जागा काँग्रेसच्या होत्या, तेथे चौदापैकी एकही तिच्याजवळ राहिली नाही. बस्तरच्या बारांपैकी आठ गेल्या. एकाच पक्षाकडे एकीकडून माणसे आली, दुसरीकडून गेली आणि टक्केवारी जवळजवळ होती तेथेच राहिली. बूढा तालावाची पाण्याची पातळी पाहून त्यात कोणते पाणी आले आणि कोणते गेले हे सांगू पाहणाऱ्याची जी अवस्था होईल तीच या आकड्यांवरून मतदाराची निष्ठा मोजणाऱ्याची होते.

या अज्ञानाला काहीसे पावित्र्य आहे. मत गुप्त असते ते यासाठीच. जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताला गुप्त मतदान पसंत नव्हते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. १८६१ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने मत हा अधिकार नसून ती समाजाने सोपविलेली ठेव आहे असे प्रतिपादन केले. आणि जी ठेव आहे तिचा हिशेब चारचौघांत द्यावयास हवा, असा त्याचा युक्तिवाद होता. इंग्लंडातल्या सुस्थित गृहस्थाला हे म्हणणे सोपे होते. ज्या गावात जमीन, पाणी, कर्ज आणि रोजगार एकाच वाड्यातून मिळतो, तेथल्या मजुराला चारचौघांत मत देण्यास सांगणे म्हणजे मत न देण्यास सांगणेच होय. मिलच्या म्हणण्यातला अर्धा भाग मात्र टाकून देता येत नाही. मत ही ठेव असेल तर ती पक्षाची ठेव नव्हे, हे त्यातून आपोआप निघते.

मराठीत 'हक्काचा' हा शब्द मोठा जिव्हाळ्याचा आहे. हक्काचे घर, हक्काचे माणूस, हक्काची भाकरी. त्यात मालकीपेक्षा आपलेपणा अधिक आहे. मध्यरात्री दार वाजवावे आणि आतून कोणी रागावू नये, असा तो हक्क. राजकारणात हा शब्द गेला तेव्हा त्यातला आपलेपणा राहिला नाही, आणि जी मालकी नावापुरती होती ती मात्र पुढे आली. 'मतपेढी' हा शब्द तर मुळातच हिशेबाचा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यासंबंधी लिहिताना त्याचा इंग्रजी मूळ शब्द वापरला, त्या वेळी त्याचा रोख गावच्या त्या वजनदार माणसावर होता, ज्याच्या शब्दासरशी आश्रितांची मते एका पेटीत पडत. पुढे अर्थ उलटला. पेढी चालविणारा बाजूला राहिला आणि ज्यांची मते गोळा केली जात त्या गरीब जातींना, मुसलमानांना, आदिवासींना 'मतपेढी' म्हणण्याची रीत पडली. ठेवीदारालाच तिजोरी म्हणावे असला हा प्रकार. आणि शिक्षितांनी तो कसलाही संकोच न बाळगता चालवून घेतला.

पक्षाच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. ज्याला कोणताही कायमचा मतदार नाही तो पक्ष फक्त चालू महिन्याचे राजकारण करू शकतो. वीस वर्षांनी फळ देणारे धरण, शाळा किंवा कायदा करण्यासाठी पाठीशी अशी काही माणसे हवीत, जी एका वाईट पावसाळ्यात सोडून जाणार नाहीत. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात हे सूत्र मांडले. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा आत राहून आवाज उठविणे. निष्ठा ही सोडून जाण्याला थोडा उशीर लावते आणि त्या उशिरात आवाजाला अवसर मिळतो. म्हणजे निष्ठेचे मोल ती पक्षाला ऐकण्यास वेळ देते यात आहे. ऐकण्याची व्यवस्थाच जेथे नाही तेथे त्या उशिराचा उपयोग काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

रायपूरने हा उशीर एकदा अजिबात लावला नाही. १९७७ च्या मार्चमध्ये विद्याचरण शुक्ल येथून लोकसभेला उभे होते. आणीबाणीतले ते माहितीमंत्री. त्यांचे वडील रविशंकर शुक्ल हे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे आणि पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री. शुक्ल घराणे आणि काँग्रेस हे रायपुरात एकाच गोष्टीचे दोन उच्चार होते. जनता पक्षाचे पुरुषोत्तम कौशिक यांनी त्यांचा पराभव केला. मध्य प्रदेशातल्या चाळीस जागांपैकी छिंदवाड्याची एकच काँग्रेसला राखता आली. आणि त्याच वेळी, १९५६ पर्यंत ज्याच्याशी रायपूर एका प्रांतात नांदले होते, ज्याच्या राजधानीतून भोसल्यांनी आणि मग इंग्रजांनी छत्तीसगढवर अंमल चालविला होता, त्या नागपूरकडच्या विदर्भात काँग्रेसने बहुतेक जागा जिंकल्या. नकाशावरची एक रेघ ओलांडली की त्याच पक्षाचा तोच मतदार एकनिष्ठ ठरत होता.

यांतला नीतिमान कोण? विदर्भातल्या शेतकऱ्याला आणीबाणीचा जाच तितका बसला नव्हता, उत्तरेकडे नसबंदीच्या मोहिमेने घराघरांत भय शिरले होते, असे कारण इतिहासकार देतात आणि ते बहुशः खरेही असेल. परंतु मग वैदर्भीय मतदाराची निष्ठा ही शेजाऱ्याच्या दुःखाविषयीच्या अज्ञानावर उभी होती असे म्हणावे लागते, आणि रायपूरच्या मतदाराची फारकत ही केवळ स्वतःच्या वेदनेवर. दोघांनाही सद्गुणाचे पदक देणे कठीण. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. तीन वर्षांनी, १९८० साली, रायपूरने काँग्रेसच्या केयूरभूषण यांना निवडून दिले, आणि १९८४ साली पुन्हा त्यांनाच. ज्याला पक्षाचा मतदार गेला असे म्हटले होते तो गेला नव्हता. त्याने दार जोराने लावून घेतले होते, एवढेच. १९८९ साली भाजपचे रमेश बैस निवडून आले. १९९१ साली शुक्ल यांनी त्यांना हरविले. परंतु १९९६ पासून मात्र लोकसभेसाठी हे दार काँग्रेसकडे पुन्हा उघडलेले नाही. पहिला रुसवा आणि शेवटचा निरोप, दोन्ही वेळी मतपेटीतला कागद सारखाच दिसतो.

निष्ठेच्या मुळाशी कधी कृतज्ञता असते, आणि छत्तीसगढात तिचे सर्वांत खोल उदाहरण सतनामी समाजाचे आहे. गिरौदपुरीचे गुरू घासीदास यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ज्यांना जातीच्या उतरंडीतून बाहेर बोलावले, त्या समाजाशी काँग्रेसचे नाते केवळ तिकिटांचे नव्हते. १९२५ साली पंडित सुंदरलाल शर्मा यांनी राजीमच्या मंदिरात अस्पृश्यांना नेण्याचे आंदोलन केले. १९३३ साली गांधीजी या प्रदेशात आले तेव्हा या कामात शर्मा आपल्याही पुढे होते अशी कबुली त्यांनी दिली. मिनीमाता या छत्तीसगढच्या पहिल्या स्त्री खासदार. सतनामी गुरुघराण्यातल्या, काँग्रेसच्या, आणि १९७२ साली विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत लोकसभेत असलेल्या. अशा नात्याला हिशेब म्हणता येत नाही.

पण कृतज्ञता किती पिढ्यांपर्यंत बांधून ठेवते? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, त्यात थोरांविषयी कृतज्ञ राहण्यास त्यांची हरकत नव्हती. कृतज्ञतेला मर्यादा असल्या पाहिजेत, एवढेच ते सांगत होते. आजोबांना देवळात नेणाऱ्याविषयी नातवाने आदर बाळगावा, हे योग्यच. त्या आदरापोटी नातवाने स्वतःच्या शाळेविषयी, शेताविषयी, अपमानाविषयी मौन पाळावे, ही मागणी मात्र ऋणाची नसून सावकारीची आहे. २०१३ साली अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या दहा जागांपैकी नऊ भाजपने जिंकल्या. त्या निवडणुकीत गुरू बालदास यांच्या प्रेरणेने उतरलेल्या सतनाम सेनेने काँग्रेसची मते फोडली असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. राज्यभरातल्या दोन पक्षांच्या मतांत पाऊण टक्क्याचाच फरक होता. आणि तोही त्या वर्षी, ज्या वर्षीच्या मे महिन्यात झीरम घाटीत माओवाद्यांच्या हल्ल्यात नंदकुमार पटेल, महेंद्र कर्मा यांच्यासह काँग्रेसचे जवळजवळ सारे प्रादेशिक नेतृत्व मारले गेले होते आणि जखमी विद्याचरण शुक्लही पुढे दगावले होते. सहानुभूती हाही निष्ठेचा पाया नाही, असे त्या निकालाने दाखविले. विशेष हे की हल्ला ज्या बस्तरात झाला तेथे बारांपैकी आठ जागा काँग्रेसला मिळाल्या. हरली ती मैदानी प्रदेशात.

बालदास २०१८ साली काँग्रेसकडे आले आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाजपकडे गेले. रायपूर जिल्ह्यातल्या आरंग येथून त्यांचे पुत्र भाजपचे आमदार झाले. याच निवडणुकीत राखीव दहांपैकी सहा जागा मात्र काँग्रेसला मिळाल्या. गुरू एका वाटेने गेले आणि समाजातले पुष्कळ लोक दुसऱ्या वाटेने, असे यावरून दिसते. समाज ही एक अखंड वस्तू आहे आणि तिला धरले की सर्वजण हाती येतात, ही पक्षांची समजूत असते, आणि गुरूंचीही. समाजाने ती खरी आहे असे कधी कबूल केलेले नाही.

नेत्यांच्या येण्याजाण्याचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, की मतदाराच्या निष्ठेची चर्चा करणाऱ्यांनी आधी या बाजूचा हिशेब पाहावा. विद्याचरण शुक्ल यांनी २००३ साली काँग्रेस सोडून राष्ट्रवादी काँग्रेसचा झेंडा घेतला. त्या पक्षाला जागा मिळाली एकच, पण मते सात टक्के. आणि भाजपने काँग्रेसवर मिळविलेली आघाडी अडीच टक्क्यांच्या आसपास होती. वर्षाच्या आत शुक्ल भाजपचे उमेदवार म्हणून महासमुंदला उभे राहिले, पडले, आणि पुढे स्वगृही परतले. त्याआधी, २००१ सालच्या डिसेंबरात, भाजपचे बारा आमदार एकाच वेळी जोगींच्या काँग्रेसमध्ये गेले. पक्षांतराच्या कायद्यात एक-तृतीयांशाला तेव्हा फुटण्याची मुभा होती, आणि आकडा नेमका तेवढा भरला. राज्याच्या पहिल्या विधानसभेतले भाजपचे विरोधी पक्षनेते नंदकुमार साय २०२३ साली काँग्रेसमध्ये आले आणि निकालानंतर त्याच डिसेंबरात बाहेर पडले. इंदिरा गांधी आणि नरसिंह राव यांच्या काळचे केंद्रीय मंत्री अरविंद नेताम यांनी त्याच वर्षी ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, काँग्रेसचा राजीनामा देऊन आदिवासींचा वेगळा पक्ष उभा केला. त्याला एकही जागा मिळाली नाही. यांतल्या प्रत्येकाला 'भूमिका बदलली' असे म्हटले गेले. भूमिका हा शब्द नेत्यांसाठी राखून ठेवलेला असतो. मतदाराच्या वाट्याला 'घसरला', 'फुटला', 'विकला गेला' ही क्रियापदे येतात.

विकला गेला, हा आरोप जरा थांबून पाहिला पाहिजे. कारण छत्तीसगढात तो धानाच्या क्विंटलने मोजता येतो. २०१३ साली भाजपने धानावर दर वर्षी क्विंटलमागे तीनशे रुपये बोनसचे वचन दिले. काही वर्षे तो दिला गेला नाही. २०१८ साली काँग्रेसने अडीच हजारांचा भाव आणि दहा दिवसांत कर्जमाफी कबूल केली. रायपुरात तिच्या नेत्यांनी हाती गंगाजल घेऊन ती शपथ उच्चारली. शपथविधीच्या दिवशीच कर्जमाफी जाहीर झाली. दारूबंदीचेही वचन होते, ते मात्र पाच वर्षांत पाळले गेले नाही. २०२३ साली भाजपने एकतीसशे रुपये आणि विवाहित स्त्रियांना महिना एक हजार देऊ केले; काँग्रेसने बत्तीसशे आणि पुन्हा कर्जमाफी. मत ही केवळ विकाऊ वस्तू असती तर शेतकऱ्यांनी शंभर रुपये अधिक देणाऱ्याचा माल घेतला असता. तसे झाले नाही. ज्या स्त्रीने पाच वर्षे दारूबंदीची वाट पाहिली तिने एक हजाराच्या वचनाकडे लोभाने पाहिले की दुसऱ्या पक्षाचा शब्द तरी पारखून पाहावा या विचाराने, हे तिच्या मतावरून कोण सांगणार?

आणि एक गोष्ट तर या सर्व चर्चेत दुर्लक्षित राहिली. नवे भाजप सरकार आल्यावर २०२३ च्या २५ डिसेंबरला शेतकऱ्यांच्या खात्यांत बोनसची थकबाकी जमा झाली. ती २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन हंगामांची होती. आठ-नऊ वर्षांपूर्वीचे देणे. पंधरा वर्षे सत्तेवर असलेल्या पक्षाला २०१८ साली पंधरा जागांवर आणून बसविल्याखेरीज ते फिटले असते काय? त्या मतदारांनी पक्ष सोडला नसता, आपलाच पक्ष म्हणून दोन हंगामांचे नुकसान पोटात घातले असते, तर त्यांना एकनिष्ठ म्हटले गेले असते आणि पैसे मात्र मिळाले नसते. निष्ठेचे बक्षीस कोरडे आणि फारकतीचे फळ रोख, असा हा व्यवहार पक्षांनीच घालून दिलेला आहे.

येथवर आलेल्या वाचकाला वाटेल की मग प्रश्न सुटला. मतदाराने वेळोवेळी सोडून जावे, हेच त्याचे शहाणपण आणि हाच त्याचा धर्म. धान पिकविणाऱ्या मैदानापुरते ते ठीक आहे. हसदेवच्या अरण्यात ते लागू पडत नाही. २०१५ साली त्या जंगलातल्या मदनपूर गावात राहुल गांधी आले आणि कोळशाच्या खाणींविरुद्धच्या लढ्यात आपण बरोबर आहोत असे सांगून गेले. २०१८ साली काँग्रेसचे राज्य आले. २०२१ च्या ऑक्टोबरात त्या गावांतली माणसे सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालत रायपूरला आली, आपल्याच सरकारला भेटण्यासाठी. हे हर्शमनच्या भाषेत आवाज उठविणे. सोडून जाण्याआधीची पायरी. पुढच्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने खाणींना अंतिम परवानगी दिली. गदारोळ झाल्यावर जुलैमध्ये विधानसभेने खाणपट्टे रद्द करावेत असा एकमताचा ठराव केला, आणि ठराव ठराव राहिला. बस्तरात सिलगेर येथे २०२१ च्या मे महिन्यात सुरक्षा दलाच्या छावणीला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. माणसे मेली आणि धरणे दीर्घकाळ चालले. त्याच वर्षी रायपूरजवळच्या चंदखुरीत कौसल्येच्या मंदिराच्या नूतनीकरणाचा आणि राम वनगमन पथाचा सोहळा थाटात झाला. देवळे बांधू नयेत असे कोणी म्हणत नाही. पण रामाची वनातली वाट शोधणाऱ्या सरकारला वनातून चालत आलेल्यांची वाट दिसू नये, ही विसंगती त्या वेळीही लोकांच्या ध्यानात आलीच. जो दुसऱ्याचा मतदार आहे त्याची मनधरणी करावयाची आणि जो आपला आहे त्याला गृहीत धरावयाचे, हे निवडणुकीचे गणित म्हणून चूक नसेलही. नातेसंबंधात त्याला वेगळे नाव आहे.

मग २०२३ साली सरगुज्याने चौदाही जागा काढून घेतल्या. अंबिकापूरला उपमुख्यमंत्री सिंहदेव चौऱ्याण्णव मतांनी पडले. याला हसदेव एकटे कारण होते असे म्हणणे अतिरेकाचे होईल. मुख्यमंत्रिपदाचा हुकलेला वाटा, धर्मांतराचा वाद, शेजारच्या कुनकुरीतून आदिवासी मुख्यमंत्री येण्याची आशा, अशी अनेक कारणे तेथे मिसळलेली होती. परंतु ज्यांनी हसदेवसाठी पक्ष सोडला असेल त्यांना काय मिळाले? नवे सरकार येऊन आठवडा-दोन आठवडे झाले नाहीत तोच, त्याच डिसेंबरात, पोलिसांच्या बंदोबस्तात तेथे झाडे तोडण्यास पुन्हा सुरुवात झाली. म्हणजे मैदानातल्या शेतकऱ्याची थकबाकी आणि जंगलातली वृक्षतोड या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. दोन्ही पक्षांना धानाचा भाव देणे परवडत होते, म्हणून शेतकऱ्याच्या सोडून जाण्याला किंमत होती. कोळशाच्या बाबतीत दोन्ही पक्षांचे हात एकाच कामात गुंतलेले होते, म्हणून आदिवासीच्या सोडून जाण्याला कोठे जागाच नव्हती. ज्याच्यापुढे दुसरे दार नाही त्याला हक्काचा मतदार म्हणणे ही भाषेची सर्वांत मोठी निष्ठुरता होय. तो पक्षाबरोबर राहतो तेव्हा ती निष्ठा नसते, आणि जातो तेव्हा तो रागही पुरता त्याचा नसतो.

आणखी एक भय लहान गावांना असते. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजल्या जात. यंत्रे आल्यापासून केंद्रवार आकडे उघड होतात आणि कोणत्या पाड्याने कोणाला किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी पक्षाच्या कार्यकर्त्याच्या वहीत असते. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करण्याची योजना निवडणूक आयोगाने २००८ सालीच सुचविली होती; ती प्रत्यक्षात आलेली नाही. व्यक्तीचे मत गुप्त राहिले, गावाचे राहिले नाही. दीडशे घरांच्या पाड्याला रस्ता कोणत्या वर्षी मिळेल हे त्या वहीवरून ठरणार असेल, तर त्या पाड्याची निष्ठा आणि त्याची भीती यांतली सीमारेषा पाड्यालाही सांगता येणार नाही.

आता रायपुरातच परत यावे. शहराचा दक्षिण मतदारसंघ हा भाजपच्या गाभ्याचा गाभा. बृजमोहन अग्रवाल १९९० पासून विधानसभेत निवडून येत गेले. २०२३ साली काँग्रेसने त्यांच्यासमोर दूधाधारी मठाचे महंत रामसुंदर दास यांना उभे केले. हिंदू मतदारांच्या शहरात मठाच्या महंतांना उमेदवारी, ही युक्ती कागदावर बिनतोड होती. महंत सदुसष्ट हजारांहून अधिक मतांनी पडले. राज्यातला हा सर्वांत मोठा फरक ठरला. २०२४ साली अग्रवाल लोकसभेवर गेले आणि नोव्हेंबरात तेथे पोटनिवडणूक झाली. भाजपचे सुनील सोनी सेहेचाळीस हजारांच्या फरकाने विजयी झाले, आणि गाभा शाबूत असल्याचा निर्वाळा सर्वांनी दिला. मतदान मात्र निम्म्याच्या आसपासच झाले होते. उरलेल्या निम्म्यांत दोन्ही पक्षांची हक्काची माणसे असणार; बूढापाऱ्यात, पुरानी बस्तीत, टिकरापाऱ्यात ती त्या दिवशी घरीच होती. ती कंटाळली होती, समाधानी होती की रुसली होती, हे विचारण्यासाठी त्यांच्या दारी कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. विजयाची मिरवणूक त्यांच्याच गल्ल्यांतून गेली, आणि गच्चीवर उभे राहून त्यांनी ती पाहिली.